युरिया टाकला होता

वडील गेले तेव्हा भोकरच्या पुढचं शेत माझ्या नावावर आलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. नवरा इथंच एका कार्यालयात नोकरीला आहे. शेत विकून टाका, असं सांगणारे पुष्कळ निघाले. मी विकलं नाही, कारण ते मामा कसत होते, आणि मामा आहेत तोवर विकायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. मी चौथीत होते तेव्हा वडिलांनी त्यांना शेत बटईनं दिलं. खत-बियाणं आमचं, मेहनत त्यांची, पीक निम्मं-निम्मं. तेव्हापासून ते आणि मामी आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या दोन खोल्यांच्या घरात राहतात. मामा उंच, वाळके, आणि बोलायला फार कमी. दहावीच्या परीक्षेला मी प्रवेशपत्र आखाड्यावर विसरले होते, तेव्हा ते सायकलवरून भोकरच्या केंद्रावर घेऊन आले, फाटकातून माझ्या हातात दिलं आणि एक शब्द न बोलता परत फिरले. घरीही त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. वडिलांना कळलं ते माझ्याकडूनच, निकाल लागल्यावर.

अशा माणसावर मी चोरीचा संशय घेतला. आता लिहितानाही हे वाक्य लिहायला मला वेळ लागला.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. विहिरीला पाणी बरं होतं म्हणून आम्ही उताराच्या तुकड्यात गहू पेरला होता. ती जमीन हलकी, खाली मुरूम लागणारी, पण पाणी मिळालं की चांगलं पिकवणारी. पेरताना खत दिलं, पहिल्या पाण्याला युरिया दिला. सगळं नेहमीसारखं. मग एक दिवस शेजारच्या शेतातल्या चुलत्यांनी माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला. ते वडिलांचे लांबचे भाऊ, त्यांचा आणि आमचा बांध एकच. फोटोत आमचा गहू पिवळा दिसत होता, आणि त्यामागं बांधापलीकडचा त्यांचा गहू हिरवा. खाली त्यांनी लिहिलं होतं, युरिया कमी पडलेला दिसतो.

पीक पिवळं पडलं की युरिया कमी पडला, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही वेगळं काही सुचलं नाही. मी मामांना फोन केला. गहू पिवळा पडलाय का विचारलं, तर ते म्हणाले, हाव, पडून राहिला. मी भोकरच्या खताच्या दुकानदाराला सांगून आणखी युरिया पाठवला आणि पुढच्या पाण्याला तो द्यायला सांगितलं. दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला, तर मामा म्हणाले, टाकला.

बारा-तेरा दिवसांनी पुन्हा फोटो आला. गहू पहिल्यापेक्षा जास्त पिवळा. या वेळी चुलत्यांनी फोनही केला. इकडचं तिकडचं बोलले, मुलांची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "दोनदा युरिया पडला म्हणता, मग पिकात दिसत काहून न्हाई? तुम्ही लातूरला असता बाई. मी काही म्हणत न्हाई."

मी काही म्हणत नाही, या शब्दांनी जे करायचं ते केलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. त्या वर्षी युरियाची टंचाई होती, लोक दुकानापुढं रांगा लावत होते. मामांच्या मुलीचं सासर इस्लापूरला, जावयाचं तिथं कोरडवाहू शेत. एखादी गोणी तिकडं गेली तर कुणाला कळणार? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की इतक्या वर्षांच्या माणसाबद्दल फोटो बघून काही ठरवू नकोस, जाऊन ये. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी गेले, पण मनात ठरवूनच गेले.

रविवारी पहाटेची नांदेडची बस धरली आणि तिथून भोकर. शेतात पोचेपर्यंत दुपार झाली होती. मामा उताराच्या तुकड्याच्या बांधावर उभे होते आणि बांधाच्या पलीकडं चुलते. मी येणार हे चुलत्यांना कसं कळलं कोण जाणे. गहू फोटोत दिसत होता त्याहून वाईट होता. गुडघ्याएवढा वाढलेला, काड्या बारीक, फुटवे थोडे, आणि सगळ्या तुकड्यावर एक फिकट पिवळी कळा. मला खरंच धक्का बसला. प्रवासाचा शीण होता, पोटात काही नव्हतं. नमस्कार-चमत्कार राहिलेच. मी तिथंच उभ्या उभ्या विचारलं, "मामा, युरिया सगळा टाकला का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग बांधापलीकडं चुलत्यांकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं.

"टाकला ताई," ते म्हणाले.

"दोन्ही वेळचा?"

"दोन्ही वेळचा."

एवढंच. आवाज चढला नाही, शपथ घेतली नाही. खांद्यावरचं खोरं खाली ठेवलं आणि विहिरीकडं निघून गेले. चुलते पिकाकडं बघत राहिले, जणू काही ऐकलंच नाही.

आखाड्यावर मामींनी जेवायला वाढलं. भाकरी, वरण, आणि लसणाची चटणी. मामा जेवायला आले नाहीत. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, जेवा तुम्ही, त्यांचं मी ठेवते. चटणीला तिखटपणा मिरचीचाच होता, लसणाचा झणका अजिबात नव्हता. मी सहज विचारलं तर म्हणाल्या, लसूण गव्हाच्या कडेलाच लावला होता, औंदा नुसता नावाला हाय, ठेचला तरी वास येत न्हाई. मी मान हलवली आणि विसरून गेले. मला त्या वेळी लसणात काही रस नव्हता.

मी उठणार तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, की गहू निघाला की त्यांचा इस्लापूरला लेकीकडं जायचा विचार आहे. हे त्यांनी कधी ठरवलं, असं मी विचारलं. मामी चुलीतलं लाकूड पुढं सरकवत म्हणाल्या, "आताच."

निघताना मी गव्हाची आठ-दहा रोपं मुळासकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मामींना सांगितलं, लातूरला तपासते. खरी गोष्ट अशी की मला पुरावा हवा होता. पीक उपाशी आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं, की मामांना काय बोलायचं ते मी नीट बोलू शकले असते. बसमध्ये मी ते बोलणं मनातल्या मनात तयारही केलं.

सोमवारी पहिला तास झाल्यावर मी रोपं घेऊन प्रयोगशाळेत गेले. आमच्या प्रयोगशाळेचे साहाय्यक औशाजवळच्या गावचे. वर्षानुवर्षं रोज एसटीनं ये-जा करतात, घरची शेती सांभाळतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी काय करणार ते त्यांना सांगितलं. नायट्रेट ओळखायची एक जुनी चाचणी आहे. डायफेनिलअमाइन तीव्र गंधकाम्लात विरघळवायचं आणि त्याचा एक थेंब रोपाच्या कापलेल्या देठावर टाकायचा. रसात नायट्रेट असेल, म्हणजे मुळांनी जमिनीतून नत्र उचललेलं असेल, तर थेंब निळा होतो. नसेल तर होत नाही. युरिया जमिनीत पडला की थोड्या दिवसांत त्याचं नायट्रेट बनतं आणि पीक तेच पितं. त्यामुळं युरिया टाकला नसेल तर रंग येणार नाही, हा माझा हिशेब.

भाऊ म्हणाले, नुसत्या गव्हावर करू नका मॅडम, तुलनेला दुसरं काही घ्या. त्यांनी इमारतीच्या मागच्या पडीक जागेतून पिवळं पडलेलं गवत उपटून आणलं, ज्याला कधी कुणी खताचा कण दाखवलेला नाही. मी दोन्हींचे देठ ब्लेडनं तिरके कापले आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवले. हातमोजे घातले. आधी गवतावर थेंब टाकला. काही झालं नाही, थेंब नुसता चमकत राहिला. मग गव्हावर टाकला.

देठ निळा झाला. हळूहळू नाही, थेंब टेकला तसाच गडद, शाईसारखा निळा. मी दुसरं रोप घेतलं, तेही निळं. तिसरं, चौथं. सगळी रोपं कापून झाली तेव्हा फरशीवर निळ्या डागांची रांग होती आणि एका कडेला ते रंग न आलेलं गवत.

मी स्टुलावर बसले. त्या रोपांच्या आत नत्र ठासून भरलेलं होतं. मामांनी युरिया टाकला होता, दोन्ही वेळचा, सगळा. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि त्याच क्षणी चेहरा शरमेनं तापला. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊंना वाटलं मला आम्लाची वाफ लागली, त्यांनी खिडक्या उघडल्या आणि पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बांधावरच्या प्रश्नासकट. ते ऐकत होते आणि हातात एक न कापलेलं पान घेऊन उलटंसुलटं करत होते. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्याचा पिवळेपणा कुठं आहे ते बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. गहू पिवळा आहे एवढंच बघितलं होतं. आता बघितलं. खालची, जुनी पानं हिरवी होती. पिवळी होती ती शेंड्याची, नव्यानं फुटलेली.

आणि मग मी जे वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले ते माझ्यापुढं आलं. नत्र रोपात फिरतं. कमी पडलं, तर रोप ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून नत्राच्या उपासात खालची पानं आधी पिवळी पडतात. इथं उलटं होतं. जुन्या पानांत जे अडकलं होतं ते वर येत नव्हतं. असं वागणारं जे अन्नद्रव्य, ते गंधक. प्रथिनं तयार व्हायला नत्र लागतं तसं थोडं गंधकही लागतं. प्रथिनांच्या काही घटकांत गंधकाचा अणू असतोच, त्याच्याशिवाय ते बनत नाहीत. तो मिळाला नाही की सगळं काम थांबतं. मुळं नत्र उचलत राहतात, ते रसात साठत राहतं आणि रोप मात्र उपाशी. वर आणखी युरिया टाकला की रोपाला वाढायची घाई होते, गंधकाची भूक आणखी वाढते आणि पिवळेपणाही. मी लातूरहून फोनवर सांगून तो वाढवला होता. मामींच्या लसणाला वास का नव्हता तेही आता कळलं, लसणाचा झणका गंधकाचाच असतो.

पण गंधक कमी पडायचं काय कारण, हे मला कळेना. तेही भाऊंनीच विचारलं, अगदी साधेपणानं. "पेरताना कोणतं खत देता? सुपर देता का?"

सुपर म्हणजे सुपर फॉस्फेट, राखाडी भुकटीचं जुनं खत. वडील तेच द्यायचे. त्यात स्फुरदाबरोबर गंधकही असतं, पण त्या काळी कुणी त्याचा विचार केला नव्हता, ते आपोआप मिळत होतं. वडील गेल्यावर मी सुपर बंद केलं. डीएपी जास्त ताकदीचं, गोण्या कमी लागतात, वाहायचा त्रास कमी, असं मी वाचलं होतं. डीएपीत नत्र आणि स्फुरद भरपूर, गंधक मात्र नाही. त्याच वर्षी बैलजोडी विकली, ट्रॅक्टर लावला, म्हणून शेणखतही थांबलं. दोन्ही निर्णय माझे. मामा तेव्हा एकदा म्हणाले होते, सुपर ऱ्हाऊ द्या की ताई. मी त्यांना समजावून सांगितलं होतं. बांधालगतच्या शेताला चुलते अजून सुपरच देत होते आणि त्यांच्या घरी चार म्हशी होत्या.

भाऊंच्या सोयाबीनला एकदा असंच झालं होतं, म्हणून त्यांच्या डोक्यात लगेच आलं. मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले की आभार राहू द्या, गहू अजून पोटरीत, म्हणजे ओंबी धरायला, आलेला नाही, आठवडा गेला तर हातचं जाईल.

मंगळवारी मी रजा टाकली. मामांना फोन केला नाही; हे फोनवर सांगायचं नव्हतं. भोकरला दुकानात गेले तर दुकानदारानं गंधकाच्या दाण्यांची पिशवी पुढं केली. ते गंधक चांगलंच, पण ते जमिनीत पडल्यावर जिवाणूंनी त्याचं सल्फेट करेपर्यंत पिकाला घेता येत नाही आणि त्यात आठवडे जातात. मला लगेच लागू पडणारं हवं होतं. म्हणून अमोनियम सल्फेट घेतलं, साखरेसारखं पांढरं, रवाळ, आणि गोण्या टमटममध्ये टाकून आखाड्यावर गेले.

मामा रिकाम्या गोठ्यापाशी दोर वळत बसले होते. मला बघून उठले. मामींनी चहा टाकला. मी घरात गेले, चुलीजवळ जमिनीवर बसले आणि मामांना आत बोलावलं. ते उंबऱ्याशी बसले.

"मामा, तुम्ही युरिया टाकला होता," मी म्हणाले. "गव्हात आहे तो. मी तपासला. चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. देठ निळे झाले ते, शेंडा पिवळा पडतो त्याचा अर्थ, सुपर बंद केल्यामुळं काय झालं, ते. मी शिकवते तशी सांगत गेले आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी जरा जास्तच शिकवतेय. मी थांबले. मामींनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे पीठ लई आन् पानीच न्हाई. मग वरून पीठ टाकून भाकर व्हईल का?"

मी इतकी वर्षं वर्गात यापेक्षा चांगलं कधी सांगितलं नव्हतं.

मामांनी चहा संपवला. कप पालथा घातला. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, आनंदही दिसत नव्हता. मग ते बोलले. त्यांचं एवढं लांब बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"ताई, इच्यारलं त्याचं काही न्हाई. शेत तुमचं हाय, तुम्ही इच्यारणारच. तुमच्या वडलानं बी एकदा इच्यारलं व्हतं, तुरीच्या बियाचं. पर त्यांनी इथं बसून इच्यारलं, चुलीम्होरं. तुम्ही बांधावर उभं ऱ्हाऊन इच्यारलं, दुसरा मानूस ऐकून ऱ्हायला व्हता."

मला वाटत होतं की संशय हीच माझी चूक. ती होतीच. पण त्यांना लागलं होतं ते दुसरंच, आणि मला ते त्यांनी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "हाव. आता खत दावा, कुठं हाय."

आम्ही तिघांनी मिळून त्या दुपारी खत टाकलं. मामी आणि मी टोपल्यांतून, मामा जुन्या गोणपाटाची झोळी गळ्यात अडकवून. मी कितीतरी वर्षांनी हातानं खत फेकत होते, माझं कुठं दाट पडत होतं, कुठं विरळ. मामा मागून येऊन न बोलता दुरुस्त करत होते. दुपार असल्यानं पानांवर दव नव्हतं ते बरं झालं, नाहीतर खत चिकटून पानं करपली असती. मग त्यांनी मोटार सुरू केली आणि पाणी सोडलं.

चुलते त्यांच्या शेतात होते. पाणी सुरू झालेलं बघून बांधापर्यंत आले आणि काय टाकलं म्हणून विचारलं. मामा पाण्याजवळ होते, चार हातांवर. मी मुद्दाम जरा मोठ्यानं बोलले. सांगितलं की परवा मी मामांना जे विचारलं ते चुकीचं होतं. त्यांनी सगळा युरिया टाकला होता, लातूरला तपासून आले आहे. खत मीच चुकीचं निवडलं. चुलते म्हणाले, "मी काही म्हणलंच नव्हतं बाई." मी म्हणाले, हो, तुम्ही काही म्हणाला नव्हता, विचारलं ते मीच. मामांनी मान वर केली नाही. ते खोऱ्यानं पाट वळवत राहिले. पण माझं ओझं उतरलं. बांधावर बोललेलं बांधावरच मागं घेतलं, एवढं समाधान झालं.

खत टाकण्याआधीच आम्ही त्या तुकड्यातली माती पाच-सहा ठिकाणची गोळा करून ठेवली होती, ती मी परीक्षणासाठी दिली.

पुढचे दिवस मी वाईट काढले. कळलेलं बरोबर असलं तरी वेळ उलटून गेली असेल तर त्याचा उपयोग नव्हता. मी चुलत्यांना फोटो मागू शकले असते, मागितला नाही. मामांचा मोबाइल साधा, त्यात फोटो निघत नाही. आणि ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. इतक्या वर्षांत एकदाच केला होता, वडील गेले तेव्हा. म्हणून दहाव्या दिवशी, मी वर्गात जायला निघाले असताना पडद्यावर त्यांचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, वाईटच बातमी असणार. मी जिन्यातच थांबले.

"ताई, शेंडा हिरवा झाला," मामा म्हणाले.

मी विचारलं, सगळ्या तुकड्यात? ते म्हणाले, सगळ्या. नवीन पान येऊन राहिलं ते काळंशार हिरवं हाय, जुनी पिवळी तशीच ऱ्हायली, पर त्याला काही न्हाई. मग फोन ठेवून दिला. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. दोन मुली वर येत होत्या, त्यांनी विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का? मी म्हणाले, फार बरं वाटतंय. त्या हसून गेल्या. प्रयोगशाळेत जाऊन भाऊंना सांगितलं, तर त्यांनी कपाटाच्या काचा पुसायच्या थांबवल्या आणि म्हणाले, "वाचलं म्हणायचं."

मातीचा अहवाल नंतर आला. त्यात गंधकापुढं लिहिलं होतं, कमी. नत्र, स्फुरद बरं होतं. तो कागद मी घरी नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, हा आधी आला असता तर तुला एवढा त्रास झाला नसता. मी म्हणाले, हा मी तीन वर्षांपूर्वी काढायला हवा होता.

गहू काढायला मी चार दिवसांची सुट्टी घेऊन गेले. पीक दरवर्षीएवढं आलं नाही. फुटवे कमी राहिले ते राहिलेच, जे दिवस उपाशी गेले ते परत येत नाहीत. पण ओंब्या भरल्या होत्या, दाणा चांगला होता. मशीन तुकड्यातून फिरलं आणि संध्याकाळपर्यंत पोती शिवून झाली. मामी चाळणीत घेतलेले दाणे तळहातावर फिरवत होत्या. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि समाधानानं मान हलवली. मला इस्लापूरचं विचारायचा धीर होत नव्हता. त्यांचं सामान कुठं बांधलेलं दिसतं का, हे मी आल्याबरोबर नजरेनं बघून घेतलं होतं. काही दिसलं नाही, पण त्यांचं सामान असं असणार तरी किती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलते आले. यावेळी बांधावर न थांबता थेट आखाड्यावर आले आणि बाजेवर बसले. त्यांच्या खालच्या शेतात, जिथं ते गेल्या वर्षीपासून डीएपी देत होते, भुईमूग पिवळा दिसत होता. ते मला विचारत होते, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात मामा बोलले. त्यांनी विचारलं, वरचं पान पिवळं हाय का खालचं? चुलते म्हणाले, ते काही बघितलं नाही. मामा म्हणाले, मग आधी जाऊन बघा, खालचं असलं तर नत्र, शेंडा असला तर दुसरं. आणि दोघं भुईमुगाकडं निघाले. मामा पुढं, चुलते मागं. मी चहा पीत तिथंच बसून राहिले. मला कुणी बोलावलं नाही आणि मलाही जावंसं वाटलं नाही.

तासाभरानं मामा परत आले. हातपाय धुतले, माझ्याशेजारी ओट्यावर टेकले. ऊन चढायला लागलं होतं. उताराचा तुकडा आता रिकामा, नुसत्या धसकटांचा.

"ताई," ते म्हणाले, "मिरगात हितं सोयाबीन घेऊ म्हणतो. पेरताना सुपर आनाल का?"

मी म्हणाले, आणीन. ते म्हणाले, पावसाच्या आधी आना, मागून रांग लागती. मी म्हणाले, हाव.